मद्यविरहित पिना कोलाडा

अननस, साखर घातलेली नारळाची दाट साय आणि बर्फ एकत्र घुसळून केलेले दाट, फेसाळ, थंड पेय. मूळ पिना कोलाडा हे कॅरिबियन समुद्रातील पोर्तो रिको बेटावरचे रमयुक्त कॉकटेल आहे. रम न घालता केलेले त्याचे रूप मॉकटेल म्हणून ओळखले जाते. घरी ते करणे अवघड नाही, पण मूळ कृतीतून रम तेवढी वगळली की उरते ते मद्यविरहित पिना कोलाडा, हा समज चुकीचा आहे. रम निघून गेली की गोडी, आंबटपणा, बर्फाचा पोत आणि वास या चारही गोष्टींचा तोल बदलतो आणि प्रमाणे नव्याने बसवावी लागतात.

उगम

‘पिना कोलाडा’ हे नाव नारळाआधीचे आहे. 1922 मध्ये एका प्रवासविषयक नियतकालिकाने क्यूबातील या नावाच्या पेयाचे वर्णन केले होते. त्यात अननस, लिंबू, साखर आणि रम होते, नारळ नव्हता. नारळ आला तो पोर्तो रिकोत, आणि तेही डबाबंद गोड साईमुळे. रामोन लोपेस इरिसारी यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास नारळाच्या गरातून साय काढून तीत साखर मिसळण्याची पद्धत बसवली आणि ‘कोको लोपेस’ या नावाने ती विकायला आणली. नारळ फोडणे, खवणे आणि पिळणे हे कष्ट वाचल्यामुळे बारमधील कामगारांना ती हाताशी सहज मिळू लागली. सान हुआन येथील कॅरिबे हिल्टन हॉटेलातील रामोन ‘मोंचितो’ मारेरो यांनी 1954 मध्ये आजचे पेय तयार केले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्याच शहरातील बाराचिना हे उपाहारगृह मात्र तो मान 1963 च्या आपल्या कृतीला देते. वाद मिटलेला नाही. एकोणिसाव्या शतकातील समुद्री चाचा रोबेर्तो कोफ्रेसी याच्याशी जोडलेली कथा केवळ दंतकथा समजावी. 1978 पासून पिना कोलाडा हे पोर्तो रिकोचे अधिकृत पेय आहे.

रम काढल्यावर काय बदलते

आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या कृतीत 50 मि.लि. पांढरी रम, 30 मि.लि. नारळाची साय आणि 50 मि.लि. अननसाचा ताजा रस असतो. म्हणजे द्रवाचा एकतृतीयांशाहून मोठा भाग रमचा. ती काढली की पेला भरण्यासाठी साय आणि रस दोन्ही वाढवले जातात. मद्याचा तिखटसर चटका गोडीला आवर घालत असतो, तोही नाहीसा झालेला असतो. परिणामी तीन-चार घोटांतच पेय तोंडाला चिकटू लागते. म्हणून मद्यविरहित कृतीत सायीचा वाटा कमी करतात. वरच्या कृतीत रम सोडून उरलेल्या द्रवात साय सुमारे 37 टक्के आहे. घरच्या कृतीत ती अननस आणि साय मिळून होणाऱ्या वजनाच्या पावभागाइतकी पुरते. लिंबाचा रस थोडा घालावा लागतो आणि चिमूटभर मीठ घालावे लागते. मिठाने पेय खारट होत नाही, सायीचा सपकपणा जातो.

दुसरा बदल पोताचा. मद्य गोठणबिंदू खाली आणते, त्यामुळे रम असलेले घुसळण मऊ आणि ओतण्याजोगे राहते. साखरही तेच करते, पण वजनास वजन धरले तर मद्याचा परिणाम साखरेच्या सुमारे सातपट असतो. म्हणूनच तितकाच बर्फ घातला तर मद्यविरहित पेय कडक, रवाळ होते आणि पेल्यात बर्फ वर, पाणी खाली अशी फाळणी होते. यावर उपाय म्हणजे बर्फ कमी करून त्याच्या जागी अननसाचे गोठवलेले तुकडे वापरणे. तुकड्यांतली साखर आणि तंतू दोन्ही घुसळणाला धरून ठेवतात, शिवाय ते वितळले तरी पाणी न सुटता रसच सुटतो.

साहित्याची निवड

घरी सर्वाधिक गोंधळ होतो तो नारळाच्या डब्यांबाबत. नारळाचे दूध, नारळाची साय आणि साखर घातलेली गोड साय या तीन वेगळ्या वस्तू आहेत. आंतरराष्ट्रीय खाद्यमानकांनुसार नारळाच्या दुधात किमान 10 टक्के आणि सायीत किमान 20 टक्के स्निग्धांश असावा लागतो. ‘लाइट’ दुधात तो 5 टक्क्यांच्या आसपासही असू शकतो. या तिन्हींपैकी पिना कोलाडासाठी हवी ती गोड साय. ती साधारणपणे खूप गोड आणि मधासारखी दाट असते. तिच्याऐवजी बिनसाखरेची साय वापरली तर पेय कच्चे आणि तेलकट लागते, लाइट दूध वापरले तर पांचट. डब्यावरील घटकांच्या यादीत साखर दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर दिसली की गोड साय हातात आली असे समजावे.

अननस तोडल्यावर गोड होत नाही. कापणीनंतर साल पिवळी पडते, फळ मऊ होते, पण पिष्टापासून नवी साखर तयार होत नाही. त्यामुळे पिकेल या आशेने हिरवे फळ घरी ठेवणे व्यर्थ. निवडताना रंगापेक्षा बुडाचा वास पाहावा: गोड सुगंध येणारे, हातात जड लागणारे फळ घ्यावे, आंबूस वास येणारे सोडून द्यावे. साल आणि डोळे काढल्यावर मधला कठीण गाभा बाजूला करावा. मिक्सरमध्ये तो पूर्ण बारीक होत नाही आणि पेल्यात धागे येतात. तुकडे सुट्टे सुट्टे ताटात पसरून किमान सहा तास गोठवावेत आणि मगच पिशवीत भरावेत. सरळ पिशवीत गोठवले तर एकच ढेकूळ होते आणि मिक्सरच्या पात्यांना ते झेपत नाही.

गोड साय घरी करणे

तयार गोड साय न मिळाल्यास 400 मि.लि. पूर्ण स्निग्धांशाचे डबाबंद नारळाचे दूध, 250 ग्रॅम साखर आणि पाव चमचा मीठ जाड बुडाच्या पातेल्यात घेऊन मंद आचेवर ढवळत साखर विरघळवावी. दूध वाफाळले पाहिजे, पण उकळता कामा नये. सुमारे 80 अंश सेल्सियसच्या पुढे नारळातील प्रथिने आकसतात, तेलाचे थेंब त्यांच्या पकडीतून सुटतात आणि वर तेलाचा तवंग येतो. करी-रश्श्यात हा तवंग हवाहवासा असतो, इथे तो नको. साखर विरघळताच पातेले उतरवावे, कोमट झाल्यावर मिश्रण वीस सेकंद मिक्सरमधून काढावे. साधारण साडेपाचशे मि.लि. साय होते, झाकणाच्या बरणीत, शीतकपाटात ती एक आठवडा चांगली राहते.

ताज्या नारळापासून करायची असल्यास 200 ग्रॅम खवलेल्या नारळात 200 मि.लि. गरम पाणी घालून वाटावे आणि तलम कापडातून घट्ट पिळावे. पाणी हाताला सोसवेल त्याहून थोडे गरम असावे. थंड पाण्यात स्निग्धांश चोथ्यातच अडकून राहतो. फक्त पहिले दूध घ्यावे. ते तीन-चार तास शीतकपाटात ठेवले की साय वर गोळा होते. ती अलगद काढून वरच्या रीतीने साखर घालावी. या सायीची चव डब्यापेक्षा निश्चितच सरस, पण टिकाऊपणा कमी: नारळाचे दूध आम्ल नसल्यामुळे लवकर नासते, म्हणून ही साय दोन दिवसांत संपवावी.

कृती

दोन उंच पेल्यांसाठी: गोठवलेले अननसाचे तुकडे 250 ग्रॅम, अननसाचा थंड रस 120 मि.लि., गोड साय 90 मि.लि., लिंबाचा रस 10 मि.लि., मीठ एक चिमूट, फोडलेला बर्फ 100 ग्रॅम.

नारळाची साय आधी खोलीच्या तापमानाला आणावी. ही पायरी वगळली जाते आणि पेय बिघडण्याचे सगळ्यात मोठे कारण तीच असते. नारळाचे तेल 24 अंश सेल्सियसच्या आसपास गोठते. शीतकपाटातील घट्ट साय थेट बर्फावर टाकली की तिचे मेणासारखे कण होतात, आणि कितीही वेळ फिरवले तरी ते मोडत नाहीत. बरणी दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवून साय एकजीव ढवळून घ्यावी.

मिक्सरच्या भांड्यात रस, साय, लिंबू आणि मीठ घालून दहा सेकंद फिरवावे. अशाने तेल रसात बारीक थेंबांच्या रूपात विखुरते आणि मगच त्याला थंडी लागते. त्यानंतर अननसाचे तुकडे घालून आधी थांबत थांबत, मग सलग पंधरा-वीस सेकंद फिरवावे. बर्फ सर्वांत शेवटी. बर्फ पडल्यावर वीस सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नये. पात्यांच्या घर्षणाने भांडे तापते आणि जमलेला दाटपणा पुन्हा पातळ होतो. पाती मोकळी फिरू लागली आणि मिश्रण वर अडकले, तर मिक्सर बंद करून चमच्याने ते खाली ढकलावे किंवा दोन मोठे चमचे रस वाढवावा. घरगुती मिक्सर लहान असेल तर बर्फ कापडात गुंडाळून लाटण्याने आधीच फोडून घ्यावा.

चव पाहायची ती घुसळून झाल्यावर. गारव्याने जिभेला गोडी कमी जाणवते, म्हणून बर्फाआधी अगदी बरोबर वाटलेले मिश्रण पेल्यात फिके लागते. बर्फाआधी ते किंचित जास्त गोड आणि किंचित जास्त आंबट असावे. पेले दहा मिनिटे फ्रीजरमध्ये ठेवलेले असावेत, आणि ओतल्यावर पेय लगेच द्यावे. दाटपणा दहा-पंधरा मिनिटेच टिकतो.

दूध आणि आइस्क्रीम

साय मिळाली नाही तर गाईचे दूध, मलई, व्हॅनिला आइस्क्रीम किंवा आटवलेले गोड दूध घालण्याची पद्धत रूढ आहे. पेय दाट होते खरे, पण न शिजवलेल्या अननसाशी दुधाचे पटत नाही. त्याला दोन कारणे आहेत. अननसातील ब्रोमेलेन हे विकर (एन्झाइम) दुधातील प्रथिने तोडते. तुटलेले तुकडे कडू लागतात. शिवाय अननसाचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचे माप; तो जितका कमी तितका आंबटपणा जास्त) 3.2 ते 4 च्या दरम्यान असतो आणि केसीन हे दुधातील मुख्य प्रथिन 4.6 च्या खाली साकळते. म्हणून दुधाचा पिना कोलाडा पहिल्या घोटाला छान आणि अर्ध्या तासाने कडू, फाटका होतो. गोठवण्याने विकर मंदावते, मरत नाही. बर्फ वितळताच ते पुन्हा कामाला लागते. उष्णतेने मात्र ते निकामी होते. तेव्हा दूध वापरायचेच असेल तर डबाबंद अननस घ्यावा, किंवा तुकडे आपल्याच रसात दोन-तीन मिनिटे खळखळ उकळून, पूर्ण थंड करून मग वापरावेत. ताज्या फळाचा सुगंध त्यात काहीसा जातो. कडूपणावर तोडगा निघतो, आंबटपणाने फाटण्यावर निघत नाही. त्यासाठी दुधापेक्षा मलई बरी, कारण तीत स्निग्धांश जास्त आणि केसीन कमी. अशा वेळी लिंबूही वगळावे.

न शिजवलेला अननस जास्त खाल्ल्यावर जीभ चुरचुरते, तिलाही मुख्यतः हेच विकर कारणीभूत असते. ज्यांना हा त्रास होतो त्यांच्यासाठी उकळलेला किंवा डबाबंद अननस सोयीचा.

बिघाड आणि उपाय

पेयावर पांढरे कण तरंगत असतील तर साय थंड होती; असे मिश्रण खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे, पुन्हा फिरवावे आणि नवा बर्फ घालावा. चव ठीक पण पेय पातळ असेल तर तुकडे नीट गोठलेले नव्हते किंवा रस जास्त झाला. मूठभर गोठवलेला अननस वाढवावा, बर्फ वाढवू नये. दाट पण बेचव लागले तर साखर घालण्याआधी लिंबाचे काही थेंब आणि मीठ घालून पाहावे. बहुतेक वेळा कमी पडलेली असते ती आंबट बाजूच. वर जाड फेस आणि खाली पाणी दिसले तर घुसळण जास्त झाले आहे. तंतू लागत असल्यास गाळणीतून गाळता येते, पण दाटपणाचा मोठा भाग गाळणीतच राहतो. त्यापेक्षा गाभा आधी काढणे बरे.

रमचा वास भरून काढण्यासाठी व्हॅनिला अर्काचे दोन-तीन थेंब, किसलेले जायफळ किंवा पाव चमचा आल्याचा रस घालतात. आल्याचा रस मद्याच्या चटक्याची जागा काही अंशी घेतो, म्हणून तो तिघांतला सर्वांत उपयोगी. साखरेऐवजी गूळ किंवा काळी साखर वापरल्यास रमसारखा काकवीचा गंध येतो, पण रंग मळकट होतो. स्ट्रॉबेरीचा थर घातलेल्या पेयाला लाव्हा फ्लो म्हणतात. त्यासाठी स्ट्रॉबेरीचा दाट गर पेल्याच्या तळाशी घालून त्यावर पिना कोलाडा हळू ओततात, म्हणजे लाल धारा कडेने वर चढतात. उरलेले पेय शीतकपाटात ठेवू नये, ते फुटते. बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवावे आणि लागेल तेव्हा थोड्या रसासह पुन्हा घुसळावे.