दलदलीवर रस्ता तरतो कसा? एकोणिसाव्या शतकातल्या आयर्लंडची बांधकामं

आयर्लंडच्या जमिनीचा जवळपास सहावा हिस्सा एके काळी पीटच्या दलदलीने व्यापलेला होता. तिथले लोक तिला बॉग म्हणतात. हजारो वर्षं शेवाळ आणि गवत मरत गेलं. पाण्याखाली हवा नसल्यामुळे ते कुजलं नाही, एकावर एक साचत राहिलं; तेच पीट. काही ठिकाणी हा थर दहा मीटरहूनही खोल आहे आणि वजनाने पाहिलं तर त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास निव्वळ पाणी असतं. अशा जमिनीवर मुरमाचा भराव टाकला तर तो सावकाश खाली जातो. आणखी टाकला तर तोही जातो. तरीही एकोणिसाव्या शतकात आयर्लंडच्या खेड्यापाड्यांत, याच बॉगवरून आणि बॉगमधून, रस्ते झाले आणि कालवे झाले. त्यांतले कित्येक आजही वापरात आहेत. काही मात्र पहिल्या दिवसापासून वाया गेले. का टिकले आणि का वाया गेले, याचं उत्तर बहुतेक वेळा जमिनीतल्या पाण्यापाशी सापडतं.

वजनदार रस्ता बॉगवर बुडतो, हे फार जुनं ज्ञान आहे. लाँगफर्ड परगण्यातल्या कॉर्लिया इथे ओकच्या जाड फळ्यांचा एक रस्ता पीटखाली सापडला. लाकडातल्या वार्षिक वलयांवरून त्याचा काळ नेमका ठरवता आला: ती झाडं इसवी सनापूर्वी १४८च्या सुमारास तोडलेली होती. एवढा भक्कम रस्ता, पण काही वर्षांतच तो आपल्याच वजनाने दलदलीत उतरला. तिथे हवा पोचत नसल्यामुळे लाकूड दोन हजार वर्षं शाबूत राहिलं.

म्हणून बॉगवरचा शहाणा रस्ता हलका असावा लागतो आणि त्याचं वजन पसरवावं लागतं. आधी रस्त्याच्या दोन्ही अंगांना चर खणायचे आणि पाणी निथळू द्यायचं. घाई चालत नाही. पीट सावकाश आटतं, बसतं, आणि पृष्ठभाग फुटा-फुटाने खाली येतो. मग बारीक फांद्या आणि हेदर नावाच्या झुडपाच्या जुड्या आडव्या-उभ्या अंथरायच्या. चिखलात पाय रुतू नये म्हणून आपण फळी टाकून चालतो, तेच काम या जुड्या करतात. त्यांच्यावर चिकणमातीचा किंवा रेताड मातीचा थर आणि सगळ्यात वर खडी. एकाच वेळी जास्त भार टाकला, तर खालचं पीट बाजूला सरकतं आणि रस्त्याकडेची जमीन फुगून वर येते. थोडं थोडं टाकत गेलं, तर प्रत्येक थराच्या दाबाने पीटमधलं पाणी बाहेर पडतं आणि तेच पीट पुढचा थर पेलण्याइतकं घट्ट होतं. आजचे भूतंत्र अभियंते याला टप्प्याटप्प्याने भार देणं म्हणतात आणि त्यासाठी गणितं मांडतात. त्या काळच्या माणसांनी ते पाहून, मोजून आणि चुकून शिकलेलं होतं.

मोजण्याची सवय बऱ्याच अंशी एका सरकारी कामामुळे लागली. नेपोलियनशी युद्ध चालू असताना १८०९ साली ब्रिटनने आयर्लंडच्या बॉगांची पाहणी करायला आयोग नेमला. पीट हटवून तिथे शेती करता येईल का, हा प्रश्न होता. शेती फारशी झाली नाही. पण १८१४पर्यंत दहा लाख एकरांहून जास्त दलदल मोजली गेली, जागोजागी छिद्रं घेऊन खोली पाहिली गेली, आणि या कामातून दोन माणसं तयार झाली ज्यांनी पुढे आयर्लंडच्या पश्चिमेचा आणि नैर्ऋत्येचा नकाशा बदलला. एक अलेक्झांडर निमो, स्कॉटलंडचा, आधी शाळेचा मुख्याध्यापक. दुसरा रिचर्ड ग्रिफिथ, डब्लिनचा, खाणी आणि खडक यांचा अभ्यासक, ज्याने पुढे आयर्लंडचा मोठा भूशास्त्रीय नकाशा तयार केला. माझ्या मते ग्रिफिथच्या रस्त्यांचं यश त्याच्या भूशास्त्रात आहे. पायाखाली कोणता खडक आहे, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, हे ज्याला कळतं त्याला रस्ता कुठून न्यायचा हे निम्मं कळलेलं असतं.

त्या काळी ग्रामीण रस्ते परगण्याच्या ग्रँड ज्युरीच्या हाती होते. ही जमीनदारांची मंडळी. रस्त्याचा प्रस्ताव मंजूर करायची आणि खर्च शेतकऱ्यांकडून कर लावून वसूल करायची. ज्याचा वाडा मोठा त्याच्या दारापर्यंत चांगला रस्ता, असा प्रकार सर्रास चाले. तरी सपाट, सुपीक भागातले रस्ते खरोखर उत्तम होते आणि परके प्रवासी त्यांची तारीफ करत. डोंगर आणि बॉग असलेल्या गरीब भागाकडे मात्र कोणी पाहत नव्हतं. ही ग्रँड ज्युरीची पद्धत थेट १८९८पर्यंत टिकली.

१८२१ साली पश्चिमेत बटाट्याचं पीक गेलं आणि १८२२मध्ये सरकारला लोकांना काम देणं भाग पडलं. निमोकडे पश्चिमेचा भाग आला, ग्रिफिथकडे कॉर्क, केरी, लिमरिकचा. निमोने कॉनेमाराच्या बॉग आणि खडकांतून गॉलवेपासून क्लिफ्डनकडे जाणाऱ्या रस्त्याची आखणी केली, किनाऱ्यावर धक्के बांधले, राउंडस्टोन हे बंदराचं गाव वसवलं.

ग्रिफिथच्या भागात मुख्य माल होता लोणी. डोंगराळ भागातल्या शेतकऱ्यांचं खारवलेलं लोणी लाकडी पिंपांत भरून कॉर्कच्या बाजारात जायचं आणि तिथून जहाजाने दूरदेशी. एका पिंपात साधारण पंचवीस किलो. जुने रस्ते टेकडी आली की तिच्यावरून सरळ चढत. त्यामुळे पिंपं घोड्याच्या पाठीवर लादावी लागत, गाडी जुंपण्यात अर्थ नसे. इथे साधं भौतिकशास्त्र आहे. वीस फुटांत एक फूट चढ असेल, तर गाडीच्या वजनाचा विसावा हिस्सा जास्तीचा ओढावा लागतो. एक टनाच्या गाडीला पन्नास किलोचा जादा जोर. सपाट, चांगल्या खडीच्या रस्त्यावर तीच गाडी ओढायला एकूण लागणारा जोर याहून कमी असतो. म्हणजे एवढ्याशा चढाने घोड्याचं काम दुपटीहून वाढतं. ग्रिफिथने रस्ते टेकडीच्या कडेकडेने वळवले. लांबी वाढली, चढ मंदावला, आणि ज्या भागात चाक दिसत नव्हतं तिथे गाड्या धावू लागल्या. एकच घोडा पूर्वीच्या कितीतरी पट माल नेऊ लागला. त्याच काळात, १८१५पासून, चार्ल्स बियांकोनी नावाच्या इटालियन माणसाने क्लॉनमेलहून घोडागाड्यांची प्रवासी सेवा सुरू केली आणि ती देशभर पसरली. रस्ते चांगले नसते तर तिला काही अर्थ नव्हता.

रस्त्याचा वरचा थर कसा असावा, यावरही तेव्हा बरीच चर्चा होती. मोठे गोल दगड भरले की चाकाखाली ते फिरतात, बाजूला सरतात. बारीक फोडलेल्या, टोकदार खडीचे तुकडे एकमेकांत अडकतात आणि वाहतुकीच्याच दाबाने घट्ट बसतात. लाँगफर्डचे जमीनदार रिचर्ड लव्हेल एजवर्थ यांनी १८१३ साली बारीक खडीचा आग्रह धरणारं पुस्तक लिहिलं. स्कॉटलंडच्या मॅकॅडम या रस्ते-अभियंत्याने पुढे हाच विचार नेमका केला: कोणताही दगड सहा औंसांहून, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमहून, जड नको, आणि रस्त्याला मध्ये किंचित फुगवटा हवा, म्हणजे पाणी उतरेल. खडी फोडायची हातोडीने, बसून. ढिगारे रचायचे आणि मुकादमाने मोजायचे.

पुलांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण खेड्यातला दगडी पूल आपल्याला जेवढा वाटतो तेवढा साधा नसतो. कमानीतला प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला दाबतो. दाब सहन करण्यात दगड पटाईत असतो. ताण आला की तो तडकतो. म्हणून आधी लाकडी सेंटरिंग उभं करायचं, त्यावर दोन्ही बाजूंनी दगड रचत यायचं, मधला शेवटचा दगड ठोकून बसवायचा आणि मगच सेंटरिंग सावकाश उतरवायचं. चुना गावातच तयार व्हायचा. भट्टीत चुनखडीचा एक थर, वाळलेल्या पीटचा एक थर, असं रचून दिवसेंदिवस धगधगू द्यायचं. सुमारे नऊशे अंश तापमानाला चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. हा साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत शोषून घट्ट होतो, पाण्यात नाही. ज्या चुनखडीत मुळात मातीचा अंश असतो तिचा चुना पाण्यातही घट्ट होतो, आणि जाणता गवंडी नदीच्या पायाला तोच वापरायचा.

पूल पडतात ते बहुतेक वेळा खालून. पुराचं पाणी खांबापाशी वळतं, भोवरा होतो आणि तळाची वाळू, माती उपसली जाते. कमान शाबूत असतानाच पाया गेलेला असतो. म्हणून खांबांना प्रवाहाच्या बाजूने टोक काढतात आणि पाया खडकापर्यंत नेतात किंवा लाकडी मेखा ठोकून त्यावर उभारतात. त्या मेखा कायम पाण्याखाली राहिल्या तर कुजत नाहीत. कॉर्लियाच्या ओकला जो फायदा मिळाला तोच इथे मिळतो. निमोने लिमरिकला शॅनन नदीवर पाच कमानींचा जो पूल आखला तो १८३५ साली खुला झाला. निमो त्याआधीच, १८३२ साली, वारला होता.

कालव्यांनी मात्र जमिनीचं खरं पाणी दाखवलं. डब्लिनपासून शॅननपर्यंतचा ग्रँड कॅनल १८०४ साली पूर्ण झाला. वाटेत ॲलनची प्रचंड दलदल. बॉगमध्ये खोल खणायचं नाही, तिच्या पृष्ठभागाच्या पातळीवरच कालवा न्यायचा, असं ठरलं. पण कडेचे चर पाणी ओढत गेले, आजूबाजूचं पीट आटलं, आणि पूर्वी जमिनीच्या पातळीवर असलेला कालवा वर्षांगणिक उंच बांधावर दिसू लागला. त्याच्या भिंती पीटच्याच. एडेंडेरीजवळ १८०० साली बांध फुटला आणि तिथेच पुन्हा १९८९ सालीही फुटला. पुढच्या पिढीतला अभियंता जॉन किलॅली यातून शिकला. शॅननपासून बॅलिनस्लोपर्यंतचा त्याचा कालवा (१८२८) बहुतांशी दलदलीतूनच जातो. तिथे आधी चर खणून पीट निथळू दिलं आणि मग खोदलं.

चुनखडीच्या प्रदेशात उलटी अडचण होती. कॉर्रिब आणि मास्क या दोन सरोवरांना जोडणारा काँगचा कालवा १८४८ साली सुरू झाला. लांबी सुमारे पाच किलोमीटर, मध्ये लॉक. लॉक म्हणजे दोन दारांमधली कुंडी, पाणी भरून किंवा सोडून नाव वर-खाली करणारी. पण तिथली चुनखडी भेगा आणि भुयारांनी पोखरलेली आहे; मास्क सरोवराचं पाणी जमिनीखालूनच वाहत जाऊन काँगपाशी झऱ्यांतून वर येतं. अशा खडकात कालवा कोरायचा तर तळाला चिकणमाती तुडवून तुडवून अस्तर घालायला हवं. नावांच्या वाहतुकीचं काम १८५४ साली सोडून दिलं गेलं. कोरीव दगडांचे सुबक लॉक आजही उभे आहेत आणि उन्हाळ्यात कालव्याचा तळ कोरडा असतो. निसर्गाने आधीच जमिनीखालून काढलेली वाट दिसत असूनही तिच्या डोक्यावर खोदायला घेतलं, हे मला त्या काळच्या सगळ्या चुकांत जास्त खटकतं.

शॅनन आणि अर्न नद्यांना जोडणाऱ्या बॅलिनमोर-बॅलिकॉनेल कालव्याची चूक वेगळी. एकाच कामातून शेतीचा निचराही साधायचा आणि नावाही चालवायच्या, असा बेत होता. निचऱ्याला पाण्याची पातळी खाली हवी, नावांना वर. दोन्ही नीट जमलं नाही. दोन लाख पौंडांहून अधिक खर्चून कालवा १८६० साली खुला झाला, तोपर्यंत रेल्वे आली होती. पुढच्या नऊ वर्षांत कर भरून गेल्या फक्त आठ नावा. १९९४ साली तो पर्यटनाच्या नावांसाठी दुरुस्त करून पुन्हा खुला झाला, आणि आता त्यावर खरंच रहदारी असते.

हे शेवटचे दोन कालवे ज्या वर्षांत खोदायला घेतले ती महादुष्काळाची वर्षं होती. १८४५पासून बटाट्याचं पीक रोगाने गेलं. सरकारने अन्न वाटण्याऐवजी रस्त्याची कामं काढली आणि तिजोरीखात्याचे चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांनी त्यांवर कडक नजर ठेवली. कोणा एका जमीनदाराला फायदा होईल असं काम घ्यायचं नाही, हा १८४६ सालचा नियम. त्यामुळे शेताचा निचरा, बांधबंदिस्ती अशी उपयोगी कामं बाजूला पडली आणि टेकडीवर जाऊन संपणारे, कुठेच न पोचणारे रस्ते उरले. कॉनेमारात आणि बरेनच्या खडकाळ पठारावर ते आजही दिसतात. मार्च १८४७मध्ये सात लाखांहून जास्त माणसं या कामांवर होती. बायका आणि पोरं खडी फोडत. मजुरी कामाच्या मापावर. उपाशी माणूस माप भरू शकत नव्हता, म्हणून त्याला मजुरी कमी, म्हणून तो आणखी उपाशी. ऑक्टोबर १८४६मध्ये कॉर्क परगण्यातल्या कॅहेराघ इथे एक मजूर रस्त्याच्या कामावरच मेला, त्याची मजुरी थकलेली होती. चौकशीतल्या ज्युरीने ही कामं चालवणाऱ्या सरकारी बांधकाम मंडळाच्या घोर निष्काळजीपणामुळे भुकेने मृत्यू, असा निर्णय दिला. १८४७च्या वसंतात ही कामं गुंडाळली गेली आणि सूपगृहं उघडली. जुलैपर्यंत रोज सुमारे तीस लाख लोक तिथे जेवत होते. म्हणजे अन्न थेट देणं शक्य होतं.

ट्रेव्हेल्यन आधी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होते आणि नंतर मद्रासचे गव्हर्नर झाले. मापावर मजुरीची ती पद्धत ब्रिटिश हिंदुस्थानातही दिसते. १८७६-७८च्या दुष्काळात दख्खनेत हजारो माणसं अपुऱ्या मजुरीवर दुष्काळी कामांवर खपली. दौंड-मनमाड लोहमार्ग त्याच कामांतून झाला. तो मार्ग निदान उपयोगाचा ठरला.

बॉगचा प्रश्न आयर्लंडमध्ये अजून संपलेला नाही. मिडलँड्स या देशाच्या मधल्या भागातल्या अनेक लहान रस्त्यांखाली तेच पीट आहे आणि गाडीतून जाताना रस्ता लाटांसारखा वर-खाली होतो. पवनचक्क्यांसाठी डोंगरावर रस्ते करताना आता फांद्यांच्या जुड्यांऐवजी प्लास्टिकची मजबूत जाळी अंथरतात, तत्त्व तेच. ऑक्टोबर २००३मध्ये गॉलवे परगण्यातल्या डेरीब्रायन इथे पवनचक्क्यांचं काम चालू असताना डोंगरावरचं पीट सरकलं, लाखो घनमीटर चिखल ओढ्यांतून खाली वाहत गेला आणि हजारो मासे मेले. त्यानंतर अशा प्रकल्पांत पीट किती खोल आहे, त्यात पाणी किती आहे आणि उतार किती आहे, हे आधी तपासणं आवश्यक मानलं जातं.