पाठ फिरवून घेतलेला झेल

२९ सप्टेंबर १९५४. न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स, बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना. न्यूयॉर्क जायंट्स आणि क्लीव्हलंड इंडियन्स २-२ असे बरोबरीत. आठव्या इनिंगमध्ये क्लीव्हलंडचे दोन गडी बेसवर, म्हणजे धाव पूर्ण करण्याच्या वाटेवरच्या थांब्यांवर होते आणि बाद अजून कोणीच नव्हतं. व्हिक वर्ट्झने चेंडू असा काही हाणला, की तो सेंटर फील्डला, म्हणजे फलंदाजासमोर दूरवर मधोमध उभ्या असलेल्या विली मेझच्या डोक्यावरून थेट मागे निघाला. २३ वर्षांच्या मेझने चेंडूकडे पाठ केली, कुंपणाच्या दिशेने जीव खाऊन धाव घेतली आणि खांद्यावरून येणारा चेंडू धावता धावता अलगद ग्लव्हमध्ये घेतला. फलंदाजापासून अंतर साधारण ४२० फूट. क्रिकेटची सीमारेषा फार तर ९० यार्ड, म्हणजे २७० फूट असते!

चेंडू कुठे पडणार हे त्याला कसं कळलं?

मेंदू झटपट गणित करून जागा ठरवतो, असं आपण धरून चालतो. १९६८ साली सेव्हिल चॅपमन या भौतिकशास्त्रज्ञाने याहून सोपी वाट दाखवली. समजा, चेंडू बरोबर तुमच्याच हातात येणार आहे. अशा वेळी त्याच्याकडे पाहणारी तुमची नजर शेवटपर्यंत वरच चढत राहते. अर्ध्या वाटेनंतर चेंडू खाली यायला लागतो, पण तोवर तो तुमच्या इतका जवळ येत असतो की मान वरच करावी लागते. शिवाय नजरेच्या या कोनाचा टॅन्जंट (चेंडूची उंची भागिले त्याचं आडवं अंतर) एकसारख्या दराने वाढतो. तो दर वाढत चालला तर चेंडू डोक्यावरून जाणार, मंदावला तर पुढ्यात पडणार. खेळाडूने फक्त हा दर कायम राहील असं पुढे-मागे धावायचं. जागा आपोआप सापडते.

चॅपमनने हवेचा अडथळा धरला नव्हता, आणि बेसबॉलला तो चांगलाच होतो. तरी युक्ती फसत नाही, कारण खेळाडू क्षणोक्षणी स्वतःला सुधारत असतो. पीटर मॅकलिऑड आणि झोल्टन डायनीस यांनी १९९३ साली धावत्या क्षेत्ररक्षकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले खेळाडू आधी जागेवर जाऊन चेंडूची वाट पाहत नव्हते. चेंडू आणि ते एकदमच पोचत होते.

सरळ अंगावर येणारा चेंडू मात्र सुरुवातीला फसवतो. बाजूने पाहायला मिळत नसल्याने तो लांबचा की आखूड हे पहिल्या क्षणांत उमगत नाही. तिथे कान मदतीला येतात, असं येलचे भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट अडेर यांचं म्हणणं. बॅटच्या मधोमध बसलेल्या फटक्याचा कडाड आवाज आला की मागे पळायचं, बोदा आवाज आला की पुढे. सेंटर फील्डपर्यंत आवाज पोचायला सुमारे तिसरा हिस्सा सेकंद लागतो, तरी तो उपयोगी पडतो.

पण खरी गोम पुढेच आहे. चॅपमनच्या युक्तीत नजर चेंडूवरून हटवून चालत नाही, आणि मेझ तर कित्येक पावलं त्याच्याकडे पाठ करून पळत होता. म्हणजे पहिल्या काही क्षणांत जे पाहिलं-ऐकलं त्यावरून दिशा आणि अंतराचा ढोबळ अंदाज त्याने बांधलाच असणार, आणि नजरेचं काम शेवटी सुरू झालं असणार. नुसती युक्ती किंवा नुसता अंदाज, असं एकच उत्तर मला तरी या झेलाला पुरत नाही.

मेझला स्वतःला झेलाची फिकीर नव्हतीच. त्याला चिंता होती ती झेलानंतरच्या फेकीची, कारण इतक्या लांबून दुसऱ्या बेसवरचा लॅरी डोबी थेट होम प्लेटपर्यंत पोचून धाव मिळवू शकला असता. म्हणून चेंडू हातात येताच मेझ गर्रकन वळला आणि त्याने तो फेकला. त्या झोकात टोपी उडाली, तोही पडला. डोबी तिसऱ्या बेसच्या पुढे जाऊ शकला नाही.

दहाव्या इनिंगमध्ये जायंट्सच्या डस्टी ऱ्होड्सने उजवीकडे चेंडू टोलवला. त्या मैदानाचं मधलं कुंपण ४८३ फुटांवर, पण उजवीकडच्या रेषेवरचं अवघ्या २५८ फुटांवर. ऱ्होड्सचा चेंडू जेमतेम २६० फूट गेला, कुंपणापलीकडे पडून तीन धावांचा होम रन ठरला आणि जायंट्सनी सामना ५-२ असा जिंकला.