बाबा मुंबईला गेले नाहीत

केमोथेरपीच्या तिसऱ्या फेरीनंतर चौथ्या दिवशी माझा नवरा मालवणच्या बंदरावर गेला. कोणी बोलावलं नव्हतं. पण ज्याचा जन्म होडीवर गेलाय, त्याला लिलावाचा गलका ऐकून घरात बसवत नाही. सवयीने त्याने बर्फाच्या क्रेटमध्ये हात घातला, सुरमई उचलायला, आणि शॉक बसावा तसा झटकन मागे घेतला. बोटं आखडली होती. शेजारी आमचा पाच वर्षांचा मुलगा उभा होता. ज्या हातांनी बाबा दिवसभर बर्फ फोडायचे, त्यांना बर्फ शिववत नाही, हे त्याने पाहिलं. घरी येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही.

आम्हा मोठ्यांना याचं कारण ठाऊक होतं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर दिल्या जाणाऱ्या ऑक्सॅलिप्लॅटिन या औषधाचा हा नेहमीचा दुष्परिणाम. हे प्लॅटिनमपासून बनवलेलं औषध. ते पेशीच्या डीएनएला चिकटतं आणि तिचं विभाजन अडवतं. पण त्याच वेळी ते नसांनाही त्रास देतं. नसेतून जाणारा विद्युत संदेश सुरू-बंद करणारे जे सूक्ष्म दरवाजे असतात, ते नीट मिटत नाहीत, आणि गारवा लागला की नस उगाचच संदेश पाठवत सुटते. म्हणून थंड पाण्याच्या पेल्यानेही सुया टोचतात, गार घोटाने घसा आवळल्यासारखा वाटतो. बहुतेकदा काही दिवसांत हे ओसरतं, पुढच्या फेरीला पुन्हा येतं, आणि फेऱ्या वाढतील तसा बोटांचा बधिरपणा मुक्काम ठोकतो. डॉक्टरांनी हे सगळं आम्हाला समजावलं होतं. मुलाला कोणी काही सांगितलं नव्हतं.

त्या रात्री अंथरुणात तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आये, बाबांका दर्यात धाडू नको म्हणान मीच देवाक सांगलंय."

मला उलगडायला वेळ लागला. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा बाबा दोन महिने घरी असायचे. नारळी पौर्णिमा जवळ आली की हा रडकुंडीला यायचा. त्या वर्षी त्याने देवापुढे हात जोडून मागणं मागितलं होतं की बाबांना समुद्रावर पाठवू नकोस. आणि देवाने ऐकलं होतं. बाबा खरंच घरी बसले. इतके दिवस हे ओझं त्याने एकट्याने वाहिलं होतं.

मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. बी.एड.ला बालमानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे वाचला होता. साधारण दोन ते सात वर्षांचं मूल स्वतःला जगाच्या मध्यभागी ठेवून कार्यकारणाची साखळी जोडतं, हे परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. 'मी रागावलो म्हणून आई आजारी पडली', 'मी मनात आणलं म्हणून तसं घडलं' हा विचार त्या वयात चुकीचा नव्हे, नैसर्गिक असतो. अडचण अशी की मोठी माणसं गप्प राहिली तर मूल ती रिकामी जागा स्वतःच्या कारणाने भरतं, आणि ते कारण बहुधा खऱ्यापेक्षा भयंकर असतं. पुस्तकातलं हे वाक्य मला माझ्याच घरात दिसलं नाही, याची खंत अजून जात नाही.

कारण आम्ही लपवत होतो. पहिले तीन आठवडे फोन आला की मी मागच्या पडवीत जायची. सासूबाई मुलांसमोर 'पोटाचा त्रास' म्हणायच्या. औषधानंतर पहिले दोन दिवस रुग्णाच्या उलटी-लघवीत औषधाचा अंश उतरतो, म्हणून मी त्याचे कपडे हातमोजे घालून वेगळे धुवायची. ते पाहून नऊ वर्षांच्या मुलीने ठरवून टाकलं की हा रोग शिवल्याने होतो. ती बाबांच्या ताटातला घास घेईनाशी झाली. शेवटी तिने कपाटातली फाइल काढली, त्यातला एक इंग्रजी शब्द वहीत उतरवला आणि वर्गशिक्षिकेला त्याचा अर्थ विचारला. तो शब्द होता 'मेटास्टॅटिक'.

त्याचा अर्थ मीच सांगायला हवा होता, आणि मग सांगितला: मूळ जागेहून शरीरात दुसरीकडे पसरलेला. आतड्यातून निघालेलं रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते आधी एका मोठ्या शिरेने यकृतात जातं, कारण खाल्लेल्या अन्नातलं बरंचसं तिथे गाळलं, निवडलं जातं. आतड्यातल्या गाठीतून सुटलेल्या पेशी त्याच वाटेने जातात आणि यकृताच्या जाळीत अडकून तिथेच घर करतात. म्हणून आतड्याचा कॅन्सर पसरतो तेव्हा बऱ्याचदा पहिल्यांदा यकृतात सापडतो. तिथे एखाद-दुसरीच गाठ असेल तर ती कापून काढता येते, आणि काहीजण त्यातून पूर्ण बरेही होतात. त्याच्या यकृतात दोन्ही बाजूंना विखुरलेल्या गाठी होत्या. मग औषध बहुधा बरं करण्यासाठी नसतं, वेळ मिळवण्यासाठी असतं. दर पंधरवड्याला एक फेरी. मुलीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती वेळ?" मी म्हटलं, "ते डॉक्टरांनाही नक्की सांगता येत नाही. पण मला काही नवं कळलं की मी तुझ्यापासून लपवणार नाही." हे वचन मी पाळलं, आणि पुढच्या दीड वर्षात तिने एकदाही फाइल उघडली नाही.

धाकट्याला इतकं नको होतं. त्याला तीन गोष्टी सांगितल्या: बाबांना कॅन्सर नावाचा आजार झालाय. तो तुझ्या मागण्याने, बोलण्याने किंवा मनात काही आल्याने झालेला नाही. आणि तो शिवल्याने होत नाही, तू बाबांच्या कुशीत झोपू शकतोस. रोगाचं नाव घ्यायला मी आधी कचरत होते. पण नुसतं 'बरं नाही' म्हटलं, तर पुढच्या वेळी सर्दी झाल्यावर मूल आपणही मरणार म्हणून घाबरतं. नाव घेतल्याने हा आजार वेगळा आहे हे त्याला कळतं.

आपल्याकडे पडदा घालण्याची एक खास तऱ्हा आहे. कोकणात घरातलं माणूस दिसेनासं झालं की मुलांना सांगतात, 'मुंबईला गेलेत'. या किनाऱ्यावरच्या मुलाला मुंबई म्हणजे काय? काका, मामा, आत्या जिथे जातात आणि गणपतीला परत येतात ती जागा. माझ्या शाळेत पूर्वी एक मुलगा होता. वडील वारल्याचं त्याच्यापासून लपवून हेच सांगितलं होतं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी तो सकाळपासून एसटी स्टँडवर बसला होता. 'देवाघरी गेले', 'झोपले' ही वाक्यंही अशीच. झोपेतून माणूस उठतो, घरातून माणूस परत येतो.

मारिया नागी या संशोधिकेने बुडापेस्टमधल्या 3 ते 10 वर्षांच्या 378 मुलांशी बोलून, त्यांच्याकडून चित्रं काढून घेऊन मरणाविषयी त्यांना काय वाटतं ते टिपलं. तो अभ्यास 1948 साली प्रसिद्ध झाला. अगदी लहानांना मरण म्हणजे कुठेतरी जाणं, कमी प्रमाणात का होईना जगत राहणं वाटत होतं. नंतरच्या अभ्यासकांनी या समजेचे धागे सुटे केले: मेलेलं परत येत नाही, मेल्यावर शरीराची सगळी कामं थांबतात, सगळेच कधीतरी मरतात, आणि मरणाला शारीरिक कारण असतं. यातलं बरंचसं पाच ते सात या वयात मुलांना उमगू लागतं. किनाऱ्यावरच्या मुलांना तर मेलेला मासा रोज दिसतो. त्यांच्याजवळ समज असते. आपणच 'मुंबई' म्हणून ती गोंधळात टाकतो.

आता थोडं त्या माणसाविषयी, ज्याच्याविषयी कोणी विचारत नाही. रुग्णाचा जोडीदार. पहिल्या पावसाळ्यात मासे साफ करताना विळीने माझ्या अंगठ्याला कापलं. साधी जखम, पण आठवडे उलटले तरी भरेना. मधुमेह तपासला, नव्हता. ओहायोमधल्या संशोधिका जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांचा 1995 चा प्रयोग मला तेव्हा आठवला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची सेवा करणाऱ्या 13 बायका आणि तशी जबाबदारी नसलेल्या 13 बायका. सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखी जखम केली. सेवा करणाऱ्या बायकांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. सततच्या ताणात कोर्टिसॉलसारखी संप्रेरकं वाढलेली राहतात आणि जखमेवर दुरुस्तीचं काम सुरू करणारे प्रतिकारशक्तीचे संदेश क्षीण पडतात. माझा अंगठा त्यामुळेच भरत नव्हता असं मी ठामपणे म्हणणार नाही. पण त्या प्रयोगाने मला एक परवानगी दिली: माझी दमणूक ही मनाची कमजोरी नाही, ती शरीरात घडणारी गोष्ट आहे.

आणि ती मुलांपर्यंत पोचते. बॉस्टनमध्ये 70 कुटुंबांतल्या, आई किंवा वडील गमावलेल्या 125 मुलांचा दोन वर्षं अभ्यास झाला. मूल कसं सावरेल हे ज्या गोष्टींवरून कळत होतं, त्यांत मागे राहिलेल्या पालकाची अवस्था सगळ्यात वजनदार ठरली. ॲरिझोनामध्ये अशा 156 कुटुंबांपैकी काहींना बारा बैठकांचं प्रशिक्षण दिलं: मुलांचं ऐकायचं कसं, जवळीक कशी राखायची, शिस्त कशी सैल पडू द्यायची नाही. त्या मुलांना सहा वर्षांनंतरही फायदा झालेला दिसला. शिस्तीचा मुद्दा मला विशेष पटतो. 'बिचारी पोरं' म्हणून आपण त्यांना सगळी सूट देतो, आणि जगात काही जागेवर उरलं नाही असं त्यांना वाटू लागतं. आमच्याकडे सकाळची पेज, शाळा, दिवेलागणीला पाढे हे कधी चुकलं नाही. त्याच्या उपचारांसाठी मी मुंबईला असले तरी शेजारच्या काकी ते सांभाळायच्या. 'काही लागलं तर सांग' म्हणणारे पुष्कळ भेटतात. काकींनी तसं म्हटलंच नाही. "सोमवार आणि गुरुवार पोरां माझ्याकडे जेवतली," एवढं सांगून त्या गेल्या.

घरात भांडण झालं ते जेवणावरून. सासूबाई त्याला सुंगटांची कढी, पेज, खिमट असं करून घालायच्या, आणि तो दोन घासांत ताट सारायचा. त्यांना वाटे, खात नाही म्हणून खंगतोय. खरं उलटं होतं. पसरलेल्या कॅन्सरमध्ये शरीरात दाह पेटवणारी रसायनं वाढतात, ती भूक मारतात आणि स्नायू वितळवतात. जास्त अन्न कोंबून ते थांबत नाही. हे समजल्यावर त्या माउलीने ताटाची सक्ती सोडली. मग त्या संध्याकाळी नुसत्या त्याच्या पायांना कोमट तेल चोळत बसायच्या, आणि धाकटा वाटी धरायचा.

दुखणं वाढलं तेव्हा मॉर्फिनचं नाव निघालं, आणि घर हादरलं. मॉर्फिन म्हणजे शेवट, मॉर्फिन म्हणजे व्यसन. दोन्ही खरं नाही. मेंदूत आणि मज्जारज्जूत शरीराच्या स्वतःच्या वेदनाशामकांना बसायला ज्या जागा (ग्राही) असतात त्यांवर मॉर्फिन बसतं आणि दुखण्याचा संदेश मंदावतो. योग्य मात्रेत, वेदनेसाठी घेतलं तर माणूस सहसा नशेत जात नाही. उलट उठून बसतो, बोलतो. बद्धकोष्ठ मात्र जवळजवळ हमखास होतं, म्हणून त्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवं. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यामुळे आपल्या देशात हे औषध वर्षानुवर्षं दुर्मिळ झालं होतं. 2014 साली कायदा बदलून वाट थोडी मोकळी केली. तरी कोकणात ते मिळवायला पायपीट पडतेच. आम्ही कुडाळहून रात्रीची गाडी धरून परळच्या टाटा रुग्णालयात जायचो. सिंधुदुर्गातली बरीच माणसं गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात, उत्तरेकडच्या लोकांना चिपळूणजवळचं डेरवणचं रुग्णालय जवळ पडतं. कुठेही जा, 'उपशामक उपचार विभाग (वेदना आणि त्रास कमी करणारा) कुठे आहे' हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा. आम्ही वर्षभर उशिरा विचारला. बॉस्टनमध्ये पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या 151 रुग्णांवर एक अभ्यास झाला होता, 2010 साली प्रसिद्ध झालेला. ज्यांना निदानानंतर लवकरच असे उपचार जोडून मिळाले, त्यांचं जगणं अधिक सुसह्य झालं, निराशा कमी राहिली, आणि त्यांतले निम्मे 11.6 महिन्यांहून अधिक जगले. बाकीच्यांत हाच आकडा 8.9 महिने होता. जास्त जगलेल्या गटाला शेवटच्या काळात जोरकस उपचार उलट कमी मिळाले होते.

मॉर्फिन सुरू झाल्यावर पाचव्या दिवशी तो खळ्यात बसून मुलाला जाळ्याची गाठ शिकवत होता. बोटं बधिर, तरी गाठ बरोबर पडली. त्या दुपारसाठी मी या औषधाची जन्मभर ऋणी आहे.

तो निदानानंतर एकोणीस महिन्यांनी गेला, घरीच. मुलांना आधी विचारलं होतं. मुलीला जवळ थांबायचं होतं, ती हात धरून होती. मुलाला नको होतं. तो काकींकडे राहिला आणि नंतर येऊन पाहून गेला. जबरदस्ती कोणालाच केली नाही, अडवलंही नाही.

लहान मुलांचं दुःख मोठ्यांसारखं नदीतून चालत राहण्याचं नसतं. ती डबक्यात उडी मारतात आणि लगेच बाहेर येतात. घरात माणसं बसलेली असताना हा अंगणात क्रिकेट खेळत होता, आणि कोणीतरी कुजबुजलं, "पोराक काय कळना नाय." त्याला कळत होतं. तेराव्यानंतर दोन दिवसांनी तो धावत आत आला, घामाने निथळत.

"आये, आता बाबांनी बर्फ धरलो तर लागात काय?"

मी हातातलं काम ठेवलं. म्हटलं, "नाय रे. बाबांचा शरीर आता बंद झाला. थंड नाय, गरम नाय, काय्येक लागना नाय. दुखणा पण नाय." त्याने मान हलवली, माठातलं पाणी प्याला आणि पुन्हा खेळायला पळाला. पुढच्या महिनाभरात हाच प्रश्न त्याने आणखी चारदा विचारला, एकदा तर भर बाजारात, कोळणीच्या टोपलीसमोर. मी चारही वेळा तेच सांगितलं.