पाडकामातला माल चोरीला गेला, तर कचऱ्याच्या हिशेबात तो कुठे दाखवायचा?

पुनर्विकासासाठी जुनी इमारत पाडली की राडारोड्याच्या शेजारी दुसरा एक ढीग लागतो. कापलेल्या सळया, खिडक्यांचे ग्रिल, सागवानी चौकटी, तांब्याची वायर. पैसा याच ढिगात असतो आणि चोरीही याचीच होते. विटांचे तुकडे कोण नेणार? माल जातो, पण यादीत तो तसाच राहतो आणि पुढे त्याची पावती मागितली जाते.

हा हिशेब कोणाला ठेवावा लागतो? २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांहून जास्त कचरा निघत असेल, तर काँक्रीट, माती, स्टील-लाकूड-प्लास्टिक आणि विटा-मॉर्टर असे चार ढीग वेगळे करून कामाआधीच महापालिकेकडून कचरा व्यवस्थापन आराखडा मंजूर करून घ्यावा लागत असे. त्यांच्या जागी आलेले २०२५ चे नियम १ एप्रिल २०२६ पासूनचे आहेत. त्यात २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम क्षेत्राच्या प्रकल्पांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते. ‘लीड’सारखं हरित प्रमाणपत्र हवं असेल तर त्याचा हिशेब वेगळा.

चोरी कळली की आधी पाडकामाचा करारनामा काढा. आपल्याकडे बहुतेक वेळा निघालेला माल ठेकेदाराचाच धरून ठेक्याची रक्कम ठरते. तसं असेल आणि माल त्याच्या ताब्यात असेल, तर तक्रार त्यानेच द्यावी. माल सोसायटीने किंवा विकासकाने राखून ठेवला असेल तर त्यांनी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार वस्तू ज्याच्या ताब्यातून गेली ते पाहतात. भिंतीत बसवलेला ग्रिल चोरीची वस्तू ठरत नाही, पण कापून वेगळा केला की ठरतो. कापून नेणं एकाच झटक्यात झालं तरी ती चोरीच. साइटवरच्या नोकरानेच मालकाचा माल नेला असेल तर कलम ३०६ लागतं, शिक्षा सात वर्षांपर्यंत.

तक्रारीसोबत करारनामा, मालाची यादी, तारखेसह फोटो, वॉचमनच्या रजिस्टरची पानं, आधीच्या खेपांच्या काटा पावत्या आणि बाजारभावाने काढलेली किंमत जोडा. किंमत जपून लिहा. ५,००० रुपयांच्या आतली चोरी अदखलपात्र धरली जाते आणि हातात फक्त एनसीची, म्हणजे अदखलपात्र नोंदीची, प्रत पडते. रोज थोडं थोडं जात असेल तर एका रात्रीची नव्हे, काट्यावर दिसलेली एकूण तूट सांगा. एफआयआर ऑनलाइनही देता येतो, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. प्रत मोफत मिळते. नोंदवून घेतलाच नाही तर वरिष्ठांना टपालाने लेखी कळवा आणि तरीही काही हललं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा.

आता टक्केवारी. ‘लीड’च्या चौथ्या आवृत्तीत पूर्ण गुण मिळवण्याच्या एका मार्गात किमान चार प्रकारचा मिळून ७५ टक्के कचरा पुनर्वापराकडे वळवावा लागतो. समजा एकूण ४०० टन निघाला, ३१० टन वळवायचा होता: ७७.५ टक्के. त्यातलं १२ टन स्टील गेलं की उरतात २९८ टन, म्हणजे ७४.५. अशा वेळी भंगारवाल्याकडून १२ टनांची कोरी पावती आणायचा सल्ला साइटवर हमखास मिळतो. ऐकू नका. ज्या मालाची चोरी पोलिसांत नोंदवली, त्याचीच विक्रीची पावती जोडली तर दोन्ही कागद एकमेकांना खोटं पाडतात. चोराने ते स्टील शेवटी वितळवायलाच दिलं असेल, हा युक्तिवाद खरा असला तरी त्याला पुरावा नाही. म्हणून चोरीचं वजन एकूण आकड्यात ठेवा, वळवलेल्यात धरू नका, वेगळ्या ओळीत एफआयआर क्रमांकासह दाखवा. वजन अंदाजाने काढलं असेल तर कसं काढलं तेही लिहा.

माल पोलिसांना सापडला तर तो मुद्देमाल म्हणून जप्त होतो. तो सोडवण्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. तिथे पुन्हा तोच करारनामा आणि तीच यादी उपयोगी पडते. परत मिळालेला माल पुन्हा काट्यावर घाला, नव्या पावतीने विका, आणि त्या तारखेपासून तो वळवलेल्या मालात धरा.