बिली ग्रॅहम रूल नेमका आला कुठून

बायको सोबत नसेल तर दुसऱ्या बाईबरोबर एकट्याने जेवायला जायचं नाही, हा माइक पेन्स यांचा नियम २०१७ ला बातम्यांत आला, तेव्हा ते अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष होते, आणि जोरदार टिंगल झाली. ऑफिसातल्या बायकांची संधी जाते त्याचं काय, हा प्रश्न रास्तच होता. चर्चमधल्या लोकांना मात्र हा नियम अमेरिकेतले ख्रिस्ती धर्मप्रचारक बिली ग्रॅहम यांच्या नावाने, 'बिली ग्रॅहम रूल' म्हणून, आधीपासून माहीत होता. पण मूळ भानगड नुसती बाईची नव्हती, मला विचाराल तर पैशाची जास्त होती.

नोव्हेंबर १९४८, कॅलिफोर्नियातलं मोडेस्टो. ग्रॅहम नुकतेच तीस वर्षांचे झालेले, सभा घेत गावोगाव फिरायचे. फिरत्या सुवार्तिकांची (म्हणजे अशा धर्मप्रचारकांची) पत तेव्हा पार गेलेली, शेवटच्या दिवशी लोकांच्या भावनांना हात घालून दानार्पण गोळा करायचं, खिशात टाकायचं आणि पुढच्या गावाला. ग्रॅहमनी क्लिफ बॅरोज, जॉर्ज बेव्हर्ली शे, ग्रेडी विल्सन या साथीदारांना सांगितलं, तासभर रूमवर जा आणि आपल्यासारखे लोक कशाकशाने बदनाम होतात ते लिहून आणा. आले तर सगळ्यांच्या याद्या जवळपास सारख्याच! त्यातून चार गोष्टी ठरल्या: पैशाचा हिशोब स्थानिक कमिटीकडे, परस्त्रीबरोबर एकट्याने राहायचं नाही, स्थानिक मंडळ्यांना (म्हणजे तिथल्या चर्चना) नावं ठेवायची नाहीत, आणि गर्दीचे आकडे फुगवायचे नाहीत. हे शेवटचं मला फार आवडतं, कारण पोलिसांनी सांगितलेला आकडा कमी वाटला तरी ते तोच धरायचे (आपल्याकडे कुठल्याही सभेला हे लावून बघा).

यात नवीन काही नव्हतं म्हणा. यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी जमवलेली वर्गणी येशूचा प्रेषित पौल याने एकट्याने हाताळली नाही, मंडळ्यांनी नेमलेला माणूस सोबत घेतला, कारण देवापुढे आणि माणसांपुढेही व्यवहार चोख हवा (बायबल, २ करिंथ ८).

तरी दोनच वर्षांत फटका बसलाच. १९५० च्या अटलांटाच्या सभांनंतर पेपरात शेजारी शेजारी दोन फोटो, एकात ग्रॅहम हसत हात हलवून निरोप घेतायत, दुसऱ्यात दानाच्या पैशांच्या पिशव्या. दान त्यांनाच दिलेलं होतं, चोरी कुठेच नव्हती, पण दिसलं वाईट. मग त्यांनी अशी दानं बंद करून संस्थेकडून ठरलेला पगार घ्यायला सुरुवात केली. १९८७ मध्ये टीव्हीवरचे धर्मप्रचारक जिम बेकर बाई आणि पैसा दोन्हीत अडकले, तेव्हा ग्रॅहमकडे बोट दाखवायला कोणाला जागा सापडली नाही.

डाग लागला तो भलतीकडूनच. सत्तेशी दोस्ती हे कलम मोडेस्टोच्या यादीत नव्हतंच. १९७२ मध्ये ओव्हल ऑफिसात राष्ट्राध्यक्ष निक्सनसमोर ज्यूंबद्दल ते जे बोलले ते टेपवर राहिलं, २००२ मध्ये टेप बाहेर आली, आणि ८३ व्या वर्षी त्यांना जाहीर माफी मागावी लागली.