शफल (संगीतश्रवण)

स्वतःच्या संग्रहातली गाणी ठरलेल्या क्रमाने न ऐकता यंत्राने पत्त्यांसारखी पिसून दिलेल्या क्रमाने ऐकण्याची सोय व पद्धत. तिच्यातून एक सामाजिक खेळही रूढ झाला. संग्रह शफलवर टाकायचा, पहिली दहा गाणी येतील तशी लिहून काढायची, प्रत्येकाखाली दोन-चार ओळींचे टिपण जोडायचे आणि यादी इतरांसमोर ठेवायची. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत हा खेळ ‘फ्रायडे रँडम टेन’ या नावाने दर शुक्रवारी चाले. ‘द ए. व्ही. क्लब’ या अमेरिकी प्रकाशनाने ‘रँडम रूल्स’ या सदरात तोच खेळ गायक, लेखक आणि विनोदी कलावंतांना खेळायला लावला. नियम मात्र कडक होता. लाज वाटावी असे गाणे आले तरी ते वगळायचे नाही.

सारी गंमत या नियमात आहे. आवडत्या गाण्यांची यादी हाताने करणारा माणूस आपण कसे दिसावे हे ठरवत असतो. शफल त्याच्या संग्रहातली बडबडगीते, कोणाच्या आग्रहाखातर घेतलेला अल्बम, एकदाही न ऐकलेला दुर्मीळ राग असे सगळेच बाहेर काढते. त्यामुळे या टिपणांत समीक्षा थोडी आणि खुलासे फार असतात: हे गाणे माझ्याकडे आले कसे, कोणी दिले, ते अजून पुसले का नाही. चांगली टिपणे बहुधा नावाजलेल्या गाण्यांवरची नसतात, अशा अडचणीच्या गाण्यांवरची असतात. संग्रह दुसऱ्याला दिसणार म्हटले की माणसे तो आवरू लागतात, हेही नोंदले गेले आहे. २००३ मध्ये ॲपलच्या आयट्यून्स या गाणी साठवण्या-ऐकण्याच्या संगणक-प्रणालीत एकाच नेटवर्कवरच्या लोकांना परस्परांचे संग्रह ऐकण्याची सोय आली. तिच्या कार्यालयातल्या वापराचा एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा सहकाऱ्यांवर पडणाऱ्या छापेचा विचार करून लोक आपला संग्रह सावरत असल्याचे दिसले.

तबकडी आणि कॅसेट यांना क्रम जखडलेला होता. १९८०च्या दशकातल्या सीडी प्लेअरांवर शफलचे बटण आले, पण एका सीडीवर गाणी मावत दहा-पंधरा, त्यामुळे आश्चर्याला फारसा वाव नव्हता. तो आला ॲपलच्या आयपॉड या खिशात मावणाऱ्या संगीतयंत्रामुळे. ऑक्टोबर २००१ मधल्या पहिल्या आयपॉडची जाहिरात खिशातली हजार गाणी अशी होती. जानेवारी २००५ मध्ये आलेल्या ‘आयपॉड शफल’ला तर पडदाच नव्हता. त्याच्या लहान नमुन्यात सुमारे १२० आणि मोठ्यात २४० गाणी मावत. पुढचे गाणे कोणते हे बघायची सोय नसणे हा दोष न मानता जाहिरातीचा मुद्दा केला गेला.

शफलच्या मागचे गणित जुने आहे. रोनाल्ड फिशर आणि फ्रँक येट्स या संख्याशास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये मांडलेल्या पद्धतीला रिचर्ड डर्स्टनफेल्ड यांनी १९६४ मध्ये संगणकाला सोयीचे रूप दिले. यादीच्या शेवटापासून सुरुवात करून प्रत्येक जागी उरलेल्यांपैकी कोणतेही एक गाणे यदृच्छया आणून बसवायचे. अशा रीतीने प्रत्येक क्रमाला सारखीच संधी मिळते. दहा गाण्यांचेच ३६,२८,८०० क्रम होतात.

अडचण गणितात नाही, ऐकणाऱ्यात आहे. वीस गाण्यांत एकाच गायिकेची पाच असतील, तर निर्दोष शफलमध्येही त्यांतली किमान दोन लागोपाठ येण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के असते. तसे झाले की मात्र यंत्र पक्षपाती असल्याची तक्रार होते. लोकांना योगायोग नको असतो, पांगापांग हवी असते. म्हणून सप्टेंबर २००५ मध्ये ॲपलने ‘स्मार्ट शफल’ आणले. क्रम अधिक यादृच्छिक वाटावा म्हणून तो कमी यादृच्छिक केल्याचे स्टीव्ह जॉब्ज यांनी तेव्हा सांगितले. इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या स्पॉटिफाय या सेवेनेही २०१४ मध्ये आपली पद्धत उघड केली. एका कलाकाराची गाणी यादीभर साधारण सारख्या अंतरावर पसरवणे असे तिचे स्वरूप होते. आजचा शफल हा बहुधा असा सावरलेला योगायोग असतो.

पुढचे गाणे माहीत नसण्याची सवय मराठी श्रोत्याला आकाशवाणीच्या ‘आपली आवड’सारख्या फर्माइशी कार्यक्रमांनी आधीच लावली होती. तिथे निवड दुसऱ्या श्रोत्याची असे. शफलमध्ये आपलाच साठा आपल्याला चकवतो. मात्र तो साठा पूर्णपणे आपला असेलच असे नाही. आपल्याकडे आधी कॅसेट भरून घेतल्या जात, पुढे मोबाइलच्या दुकानातून मेमरी कार्ड भरून घेतले जाऊ लागले. दुकानदार फोल्डरच्या फोल्डर उतरवून देई. भावगीतांसाठी भरलेल्या कार्डात रिमिक्स, लावण्या आणि गणपतीच्या आरत्या आपोआप येत, आणि भर उन्हाळ्यात एसटीत आरती वाजू लागे. अशा संग्रहावरून मालकाची आवड ओळखायला जाणारा फसतो.

काही संगीत शफलला दाद देत नाही. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक या क्रमाने प्रसारित झाले. त्यातली ५६ गाणी कथेच्या ओळीने बांधलेली आहेत. शफलवर टाकली तर सेतू आधी बांधला जातो आणि राम मागाहून जन्मतो. विलंबित आणि द्रुत खयाल वेगळ्या ट्रॅकवर असले की एका रागाच्या विलंबितानंतर दुसऱ्याच रागाचे द्रुत सुरू होते, आणि वेळेचा संकेत पाळणाऱ्याला रात्रीचा मालकंस सकाळी ऐकावा लागतो. पाश्चात्त्य अल्बमांचीही हीच तक्रार होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये ॲडेल या गायिकेच्या विनंतीवरून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचे आपसूक शफल होणारे बटण काढले.

आयट्यून्समध्ये एखादे गाणे शफलमधून कायमचे वगळण्याची खूण करता येते. सलग ऐकायच्या ध्वनिमुद्रणांसाठी ती उपयोगी पडते. दहा गाण्यांच्या खेळात मात्र तीच पळवाट ठरते, कारण यादी वाचणाऱ्याला कोणती गाणी आधीच बाहेर बसवली आहेत हे कळत नाही.