आरोग्य शिबिर ठरवताय? आधी नमुने, मग नारळ

आमच्या रक्ततपासणी लॅबकडे शिबिर ठरवायला येणारी मंडळं, सोसायट्या, बचत गट, ग्रामपंचायती, सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "माणशी किती पडतील?" आमचाही पहिला प्रश्न ठरलेला आहे: "उद्घाटन किती वाजता?" काहींना वाटतं, आम्ही पैशाचा विषय टाळतोय. तसं नाही, दर आम्ही लेखी देतोच. पण उद्घाटनाची वेळ कळल्याशिवाय शिबिर नीट पार पडेल की नाही हे सांगता येत नाही. मिरजेपासून जत-आटपाडीपर्यंत तेच तेच फोनवर समजावण्यापेक्षा एकदा छापून द्यावं, म्हणून हे पत्रक.

नेहमी होतं ते असं. फ्लेक्सवर 'सकाळी ८ वाजता' आणि त्याखाली 'उपाशीपोटी यावे' असं छापलेलं असतं. लोक साडेसातलाच येऊन बसतात, त्यातही म्हातारी माणसं सगळ्यांच्या आधी. आमच्या मुली ट्रे लावून, हातमोजे घालून तयार. तेवढ्यात माइकवर घोषणा होते, पाहुणे निघालेत, दहा मिनिटांत पोचतील. पाहुणे येतात पावणेदहाला. मग दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, दोघा-तिघांची मनोगतं. पहिली सुई टोचेपर्यंत साडेदहा होतात. तोवर एखादा दयाळू कार्यकर्ता थर्मास घेऊन रांगेत फिरून आलेला असतो. "अर्ध्या कप चहानं काय हुतंय?" म्हणत निम्मी रांग चहा पिते. नंतर आम्ही "काही खाल्लंय का?" विचारलं की सगळ्यांच्या माना नकारार्थी हलतात, कारण चहा कोणी खाण्यात धरतच नाही.

चहा चालत नाही. बिनसाखरेचाही नाही, कारण दुधातही साखर असते. उपाशीपोटीच्या शुगरला किमान ८ तास पाण्याशिवाय काहीही पोटात जायला नको. उपाशीपोटी १०० च्या आत असली तर ठीक, १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, १२६ किंवा वर आली तर पुन्हा तपासून खात्री करायची. आता विचार करा, हद्दीवरच्या माणसाचा आकडा चहा-बिस्किटानं वर गेला, तर तो घरी जाऊन आठवडाभर भात सोडतो, नाहीतर सरळ म्हणतो, "लॅबच चुकीची." मग आमचा फोन वाजतो, आम्ही पुन्हा माणूस पाठवतो, पुन्हा नमुना घेतो, पैसे मागत नाही. यात आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि तो वाचवता येण्यासारखा असतो.

चहापेक्षा गंभीर बाब वेगळी आहे. रांगेत असे लोक असतात ज्यांनी रात्री मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेतलेलं असतं. त्यांना अकरा-साडेअकरापर्यंत उपाशी बसवलं की साखर खाली घसरू शकते. हातपाय थरथरतात, दरदरून घाम येतो, माणूस गोंधळल्यासारखं बोलायला लागतो. भर कार्यक्रमात असं झालं तर शिबिर तिथंच बसतं. असं कोणी दिसलं तर रांग, नमुना सगळं बाजूला ठेवून शुद्धीवर असलेल्या माणसाला लगेच साखरेचं पाणी द्या आणि आम्हाला हाक मारा. आमच्या टेबलाखाली ग्लुकोजचा पुडा कायम असतो.

म्हणून सकाळच्या शिबिराला आमची एकच अट आहे, आणि ती आम्ही कोणासाठीच मोडत नाही: नमुने साडेसहाला सुरू, नऊला बंद, त्याआधी माइक नाही. काहींना हे आखडूपणाचं वाटतं. "तुम्ही नाही म्हणालात तर दुसरी लॅब दहाला यायला तयार आहे," असंही ऐकवतात. जरूर बोलवा, पण त्यांना एवढं विचारा की दहा वाजता घेतलेली नळी लॅबला किती वाजता पोचणार आणि वाटेत कशात ठेवणार. साध्या नळीत ठेवलेल्या रक्तातली साखर पेशी खात राहतात, तासाला साधारण ५ ते ७ टक्के कमी होते, उन्हाळ्यात त्याहून लवकर. ती घसरण थोपवायला शुगरसाठी करड्या बुचाची वेगळी नळी असते. ती आम्ही प्रत्येकाला वापरतो आणि नळ्या बर्फाच्या पेटीतून नेतो. माणशी चार पैसे जास्त पडतात ते याच्यामुळे.

पाहुण्यांचा मान कमी व्हावा असं आमचं म्हणणं मुळीच नाही, आम्हीही इथलेच आहोत. त्यावर तोड सोपी आहे. नऊला नमुने संपले की पोहे-चहा ठेवा आणि साडेनऊ-दहाला उद्घाटन करा. पोटात अन्न गेलेली माणसं भाषणं शांतपणे ऐकतात, उठून जात नाहीत. पाहुण्यांनाही भरलेला मांडव मिळतो. ज्यांनी एकदा असं केलं त्यांनी परत जुनी पद्धत धरलेली नाही. फोटोचंही तेव्हाच उरका. सुई दंडात असताना पाहुण्यांनी बाही धरून फोटो काढायचा, हे आम्ही करू देत नाही.

रक्तदान त्याच दिवशी ठेवायचं असेल तर

ही जोडी मंडळांना फार आवडते, विशेषतः गणेशोत्सवात आणि जयंत्यांना. पण तपासणीला माणूस उपाशी लागतो आणि रक्तदात्यानं खाऊन यायचं असतं. एकाच फ्लेक्सवर दोन्ही छापलं की पोरं उपाशीपोटी रक्त द्यायला येतात आणि चक्कर येऊन पडतात. तालमीतले दणकट गडी आधी पडतात, हा आमचा अनुभव. म्हाताऱ्या बायका मान वळवून शांत बसतात. म्हणून तपासणी नऊपर्यंत आणि रक्तदान दहानंतर ठेवा, म्हणजे उद्घाटनही आपोआप रक्तदानाचं होतं. रक्त फक्त परवानाधारक रक्तपेढीच घेऊ शकते, त्यामुळे ते वेगळं ठरवावं लागेल. दाता १८ ते ६५ वयाचा, किमान ४५ किलो वजनाचा आणि हिमोग्लोबिन १२.५ किंवा वर असलेला लागतो. पुरुषांना दोन दानांत तीन महिन्यांचं आणि बायकांना चार महिन्यांचं अंतर हवं. हे आधीच कळवलंत तर परत पाठवलेल्यांची नाराजी तुमच्यावर येत नाही.

२१ जूनला योगासनं आणि रक्ततपासणी एकत्र करा, असंही दरवर्षी कोणी ना कोणी सुचवतं. आमचा सल्ला, दिवस वेगळे ठेवा. व्यायामानं शुगर आणि बीपी दोन्ही हलतं, आणि पोहे खाऊन कोणी आसनं करत नाही.

जागा आणि टेबलं

शाळेचा वर्ग, समाजमंदिर, देवळाचा सभामंडप, काहीही चालतं. मोकळ्यावर मांडव घालणार असाल तर नमुन्यांच्या टेबलाच्या वर छताला पांढरं कापड लावायला सांगा. लाल-निळ्या कापडाखाली सगळ्यांचे हात त्याच रंगाचे दिसतात आणि शीर सापडत नाही. मग दोनदा टोचावं लागतं आणि बोल आम्हाला लागतो. एक बाकडं किंवा खाट आडवं पडायला, एक चालू प्लग, हात धुवायला पाणी, जवळपास संडास, एवढं पुरे. दुसऱ्या मजल्यावरचा हॉल शक्यतो नको.

बीपीचं टेबल स्पीकरपासून लांब. स्टेथोस्कोप कानात घालून ठोके ऐकायचे असतात, आणि शेजारी पोवाडा लागला तर ऐकू काय येणार? बीपी घेण्याआधी माणूस पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून गप्प बसलेला हवा. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू नको. बायकांना मिश्रीचं खास सांगा. पहाटे उठून चूल पेटवायच्या आधी मिश्री लावायची सवय अनेकींना असते आणि ती तंबाखूच आहे, हे कोणाच्या लक्षात येत नाही. एकदा १४० च्या वर आलं म्हणजे लगेच बीपीचा आजार ठरत नाही. आमच्या मुली थोड्या वेळानं पुन्हा घेतात, त्यामुळे ती रांग हळू सरकते. ढकलू नका.

नावं आदल्या संध्याकाळी

एक मुलगी तासाला पंधराएक नमुने नीट घेते. शंभर माणसं असतील तर तिघी आणतो. एवढं करून रांग अडते ती नावाच्या टेबलावर. गावात एका आडनावाची तीस घरं असतात, नावंही तीच. म्हणून पूर्ण नाव, वय आणि स्वतःचा मोबाइल नंबर आदल्या संध्याकाळी लिहून घ्या आणि टोकन द्या. पाहिजे तर छापील यादी आम्ही देतो. घरातल्या चौघांना एकच नंबर असेल तर तसं लिहा, पण अध्यक्षांचा नंबर सगळ्यांपुढे टाकू नका. "सगळे रिपोर्ट माझ्याकडे पाठवा, मी वाटतो," असं प्रेमानं सांगितलं जातं, पण आम्ही तसं पाठवत नाही. कोणाची शुगर किती, हे ज्याचं त्यानं बघायचं. मंडळाला आम्ही फक्त एकूण आकडे देतो: किती तपासले, कितीजणांना पुढे डॉक्टरांना दाखवायला हवं. अहवालात छापायला तेवढे पुरतात.

ग्रुपवर टाकायला मजकूर असा चालेल: "रविवारी सकाळी ६.३० ते ९ रक्ततपासणी. शनिवारी रात्री ९ च्या आत जेवावे. सकाळी फक्त पाणी. चहा, दूध, तंबाखू, मिश्री नको. बीपीची गोळी नेहमीप्रमाणे पाण्याबरोबर घ्यावी. मधुमेहाची गोळी, इन्सुलिन सकाळी घेऊ नये, सोबत आणावे. नमुना दिल्यावर नाश्त्याच्या वेळी घ्यावे. उपवासाचा फराळही चालणार नाही." शेवटचं वाक्य श्रावणात काढू नका. सकाळी साबुदाण्याची खिचडी खाऊन "आज उपवासच आहे" म्हणणारे हमखास भेटतात.

काय तपासावं

मोठी यादी मागू नका. चाळीस तपासण्यांचं पॅकेज फ्लेक्सवर भारी दिसतं, पण एखादा आकडा जरासा इकडे-तिकडे निघाला की धडधाकट माणूस उगाच घाबरतो. गावच्या शिबिराला शुगर, हिमोग्लोबिन, बीपी, वजन-उंची आणि चाळिशीपुढच्यांना कोलेस्टेरॉल व क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), एवढं भरपूर होतं. बचत गटाचं शिबिर असेल तर हिमोग्लोबिनवर भर द्या. बाईचं १२ च्या खाली आणि गरोदर असेल तर ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी.

जेवणानंतरची शुगर शिबिरात जमत नाही. घरी जेवायला गेलेला माणूस दोन तासांनी परत येत नाही. त्याऐवजी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) करता येते, तिला उपाशी राहावं लागत नाही, ६.५ किंवा वर आली तर मधुमेहाकडे बोट जातं. मात्र रक्त फार कमी असलेल्या माणसात हा आकडा फसवू शकतो, म्हणून आम्ही ती आणि हिमोग्लोबिन दोन्ही एकत्र बघतो. बोटाला टोचून ग्लुकोमीटरवर पाहणं स्वस्त पडतं आणि संध्याकाळच्या शिबिराला आम्हीही वापरतो, पण त्या यंत्राला १०० च्या वरच्या आकड्यात १५ टक्के इकडे-तिकडे माफ असतात. त्यावर गोळ्या सुरू करू नयेत. सोनोग्राफी मागू नका. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यामुळे ते मशीन आम्हाला असं गावोगाव नेता येत नाही.

तारीख धरताना शेताकडे बघा. तासगाव, कवठेमहांकाळकडे द्राक्षांच्या ऑक्टोबरच्या छाटणीत आणि फेब्रुवारी-मार्चच्या काढणीत सकाळी माणूस मिळत नाही. ऊसतोड टोळ्यांसाठी तर सकाळचा विचारच सोडा, ते अंधारातच फडात जातात. त्यांच्यासाठी आम्ही संध्याकाळी खोपटावर येतो आणि बीपी, हिमोग्लोबिन, साधी शुगर करतो. पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलाखाली कृष्णा चढायला लागली की तारखा पुढे ढकलाव्या लागतात. त्याचे पैसे आम्ही कापत नाही.

रिपोर्ट तिसऱ्या दिवशी, पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांच्या सहीनं. त्यानंतरची एक संध्याकाळ राखून ठेवा. गावातले डॉक्टर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, आशाताई यांना बोलवा आणि लोकांना एकेक करून रिपोर्ट समजावून घेऊ द्या. तिशीपुढच्यांची बीपी-शुगरची तपासणी सरकारी केंद्रात फुकट होते, पुढचा पाठपुरावाही तिथं होतो. ही संध्याकाळ ठेवणाऱ्यांना आम्ही एकूण बिलात सूट देतो, कारण ती झाली की "हा आकडा म्हणजे काय हो?" असे फोन येत नाहीत.

सुया, बोळे, हातमोजे आम्ही परत नेतो. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम शिबिरालाही लागू आहेत. सुया जाड पांढऱ्या डब्यात जातात. मागं एखादा बोळा राहिला तर घंटागाडीत टाकू नका, फोन करा.

गावात यायला किमान ५० नावं लागतात. त्याहून कमी असतील तर शेजारची सोसायटी किंवा वाडी जोडून घ्या. रविवार दोन-दोन महिने आधी भरतात. बुधवार-गुरुवार मोकळे असतात आणि दरही थोडा कमी लागतो. लॅबमध्ये येऊन बोलायचं असेल तर दुपारी चारनंतर या. सकाळी आम्ही बहुतेक कुठल्यातरी गावात असतो.